शुक्रवारी एकचा शो

४ नोव्हेंबर, मंगळवार
फुजैल पेढे घेऊन आला. त्याने आणि त्याचा दोस्त शैलेशने काढलेला मारामारीचा सिनेमा पनवेलला थिएटरात लागणार – एकच दिवस, एकच शो. पेढा खाल्ला, बोलले काही नाही. लॅपटॉपवर पाहिलाय मी तो. तळोज्याच्या बंद कारखान्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती हाणामारी. खलनायक शैलेशचा मेहुणा. मार खाताना हसतो!

५ नोव्हेंबर
आज बोललेच. मोबाइलवर टाका की, थिएटर कशाला? "मोबाइलवर लोक जेवता जेवता बघतात, शाजिया. मी हीरो आहे त्यात." आणि तोंड फिरवून झोपला.
हीरो म्हणे. मस्कतला परांचीवरून पडला, पाठीत सळी घालून घरी आला. खांदा कॉलनीतल्या डॉक्टरांनी बजावलंय – पुन्हा पडलात तर पाय जातील. गॅसचा सिलिंडरसुद्धा मीच उचलते. शूटिंगला सोडलं ते कसम घेऊन, की उड्या सगळ्या डुप्लिकेट मारेल.

८ नोव्हेंबर, शनिवार
डोकं फिरलंय. शुक्रवार यानेच मागून घेतला! का, तर शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. अरे, मस्कतला असते! इथे कारखान्यातले दोस्त ड्युटीवर. त्यात थिएटरवाल्यांनी वेळ दिली दुपारी एक. म्हणजे ऐन जुम्म्याची नमाज. सगळा मोहल्ला मशिदीत, हीरोसकट.
शैलेशची आई मैनाबाई मासळी घेऊन आली, तिचंही तेच. "शुक्रवारी आमी कशा येनार? गिऱ्हाईक असतंय. सोमवारी लावाचा व्हता. सोमवारी कोन मासली खात नाय, आमी मोकल्या."

११ नोव्हेंबर
दिवस बदलून मिळत नाही. फुजैल पाठ शेकत बसलाय. खुर्ची वाईट आहे म्हणतो. डावी चप्पल सारखी पायातून निसटते, ती म्हणे सैल झालीय. आणि तोंडात काय, तर दुसऱ्या भागाच्या गोष्टी. कंटाळा आलाय मला या सिनेमाचा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
थिएटरात मी, अम्मी, शैलेश आणि एसीत बसायला आलेली कॉलेजची दोन पोरं. मोठ्या पडद्यावर सिनेमा आणखीच वाईट. मेहुण्याचं हसू खिडकीएवढं. लाज वाटली मला. एवढ्यासाठी एवढा आटापिटा?
मग टाकीवरची उडी आली. लॅपटॉपवर एक काळा ठिपका खाली यायचा, मी चहा ढवळत पाहिला होता. आज माणूस दिसला. पडता पडता शर्ट वर उडाला, पाठ उघडी पडली. मणक्यावर टाक्यांचा व्रण. रोज तेल लावते मी त्याला.
शैलेशकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.
नमाज पढून फुजैल आला तेव्हा सिनेमा संपून थिएटरातले दिवे लागले होते. "कसा वाटला?" मी अम्मीला घेऊन रिक्षात बसले. संताप, संताप नुसता.

१५ नोव्हेंबर
बोलले नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
"थिएटरच्या लायकीचा होता की नाही, एवढं तरी सांग." सांगितलं – होता. मोबाइलवर तुझी पाठ दिसली नसती.
मग म्हणाला, चप्पल सैल नाही. शूटिंगपासून डाव्या पावलाला काही कळतच नाही.