येळवशीचा पहिला डबा

मी, आप्पाराव राघोबा बिरादार, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार मेहकर, ता. भालकी, जि. बीदर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. वय झाले, पण मन जागेवर आहे.

१. राहते घर चिरंजीव हरिओम यास. परसातली बकुळ तोडू नये. तिच्या सावलीत मी वर्गाच्या कविता पाठ करीत असे, आणि शाळेचे तोंड न पाहिलेली माझी पत्नी राजूबाई भाकरी थापता थापता त्या माझ्याआधी पाठ करी.

२. कवितांची जुनी क्रमिक पुस्तके कन्या पल्लवीस.

३. ओढ्याकाठचे शेतही पल्लवीस, पण एका अटीवर. राजूबाईच्या पायात रक्ताची गाठ झाली, म्हणून तिला दवाखान्यात ठेवले होते. रक्त पातळ करायची गोळी चालू होती. रक्त किती पातळ झाले ते तपासून डोस ठरायचा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे सारा गाव भज्जी-आंबील घेऊन शेतात जातो. तपासणारेही गेले. गोळी मात्र कालच्यासारखीच आली.

"सिस्टर, हिच्या हिरड्यातून रक्त यायलंय," मी म्हणालो.

"उद्या बघू, सर. लॅबला कुलूप हाय."

राजूबाई हसली. "पान न खाताच तोंड रंगलंय बघा. कामून घाबरायलाव? ती चांदण्याची कविता म्हणा."

दुसऱ्या कडव्यात तिने साथ सोडली. डोक्यात रक्तस्राव झाला होता.

तर अट अशी: दर येळवशीला शेतातली पूजा झाली की पहिला डबा दवाखान्याच्या लॅबमध्ये पोचवावा. सणाचे जेवण जागेवर मिळाले तर माणूस जागेवर थांबेल. डबा ठेवून लगेच परतू नये. या गोळीवरच्या सगळ्यांचे रक्त तपासले का, हे वॉर्डात विचारून यावे.

४. धाकटे बंधू व्यंकट यांस माझी छत्री. "वहिनीच्या नशिबात होतं," असे ते तेराव्याला म्हणाले. तपासणी राहिली होती, व्यंकट. छत्रीहून जास्त काही द्यायला मन होत न्हाई.

५. छातीचे ठोके चुकतात म्हणून तीच गोळी आता मलाही सुरू झाली आहे. सोमवारी त्याच दवाखान्यात दाखल होत आहे. पल्लवी, ताजा रिपोर्ट पाहिल्याशिवाय कोणी गोळी पुढे केली तर थांबव आणि विचार. मी म्हणेन, "कशाला भांडायलीस, बाई? चांगली माणसं हायत." माझे ऐकू नकोस. मृत्युपत्र लिहिले म्हणून मी निघालोच, असे कोणी समजू नये. मला अजून जगायचे आहे.

सही: आप्पाराव राघोबा बिरादार

आमच्यासमोर वाचून सही केली, साक्षीदार:
गुरुबसव अमृतप्पा पाटील
शिवकन्या हावगेप्पा मेत्रे

मेहकर, १२ मार्च २०२६