उजव्या कडेचे चार मिलिमीटर

लिहून ठेवणार: प्यो गी-सोप, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा प्रबंधांची बांधणी, राहणार देगू शहर, विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला. डोके ठिकाणावर आहे. डावा कान गेला, उजवा अजून भिंतीपलीकडचे ऐकतो. यकृताचे डॉक्टर म्हणतात, शरदातला चुसोकचा सण बघाल, पुढचे विचारू नका. म्हणून विचारत नाही, लिहितो.

कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेली नाही. सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. इथल्या कायद्याला हाताने लिहिलेले, तारीख, पत्ता, नाव आणि शिक्का एवढे पुरते. साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. डॉक्टरेटच्या मान्यतेच्या पानावर पाच परीक्षकांचे, सहीऐवजी, पाच लाल शिक्के असतात, एक जरी कमी असला तरी मागची चारशे पाने रद्दी. पन्नास वर्षे तेच पान जपून बांधले. माझ्या शेवटच्या कागदालाही पाचच हवेत.

कलम १. दुकान, वरचे घर आणि बँकेत जे असेल ते माझी पत्नी ओम बोंग-निम हिचे. बँकेत काय आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. तिच्यामागे मुलगा जू-हान याचे.

कलम २. मागची खोली. इथे जरा बसून लिहावे लागेल.

प्रत्येक कामाला आम्ही एक प्रत जास्त बांधतो. गोंद फुगला, सोनेरी अक्षर तिरके बसले, तर हाताशी असावी म्हणून. काम बिघडले नाही तर ती प्रत मुले सोडून जात. "काका, तुम्हालाच राहू द्या," म्हणत. अशा नऊ हजारांवर प्रती मागच्या खोलीत आहेत. मी सातवीच्या पुढे शाळा पाहिली नाही. जे शिकलो ते गोंद वाळेपर्यंत बाकावर बसलेल्या मुलांच्या भांडणातून शिकलो आणि मग हळूच ती प्रत उघडून बघत गेलो. भाताच्या खाचरातले बेडूक डोंगराच्या अलीकडे एक सूर लावतात आणि पलीकडे दुसरा. अडीचशे वर्षांपूर्वी एका तालुक्यात बैलचोरीच्या तक्रारी सर्वांत जास्त विधवांच्या होत्या. थंडीत पुलाचे काँक्रीट कुठून तडकते. समुद्रात बुडी मारणाऱ्या बायकांची हाडे. गाठींच्या गणितावर एका मुलाने एकेचाळीस पानांचा प्रबंध लिहिला. मला त्यातली एक ओळ कळली नाही, पण बांधून हातात दिला तेव्हा सगळ्यांत जास्त रडला तोच.

जू-हानला ही रद्दी वाटते. गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा नूडल्सचे उकळते पातेले त्याने सरळ बेडकांवर ठेवले.

"अरे, ते चार वर्षांचं काम आहे एका माणसाचं!"

"बाबा, अख्खा देश प्रबंधावरच पातेलं ठेवतो. लोक प्रती वाटतातच त्यासाठी."

खरे आहे, ठेवतो. पण या घरात नाही. त्या कव्हरावर अजून गोल डाग आहे. बेडूक जू-हानलाच देत आहे, डागासकट. वाचावे.

बाकीचे प्रबंध ज्यांच्याविषयी आहेत त्यांना द्यावेत. बाजारातल्या मासळीवाल्या ग्वाक मावशींच्या बोलण्यावर एका मुलीने प्रबंध केला, त्यात मावशी 'माहितगार क्रमांक चार' आहेत. मावशींना हे आजवर कोणी सांगितलेले नाही. पान एकशे बारावर त्यांनी गिऱ्हाइकाला दिलेली शिवी जशीच्या तशी छापली आहे, खाली व्याकरणासह. प्रत त्यांना द्यावी आणि ते पान वाचून दाखवावे. पुलाचा प्रबंध पुलाच्या चौकीत. ज्यांचे कोणीच सापडणार नाही ते (येथे दीड ओळ खोडली, शिक्का) ते खोलीतच राहू द्यावेत. विकू नयेत.

कलम ३. सोनेरी अक्षरे दाबण्याचे यंत्र शेजारचे शिक्के कोरणारे बिन सांग-दोक यांना. चाळीस वर्षे बुद्धिबळात फसवले त्यांनी मला. तरी त्यांनाच.

कलम ४. कागद कापण्याचे मशीन कोणालाही देऊ नये. भंगारात घालावे. पाते आधी काढावे.

(इथे उठलो होतो. दुकानात जाऊन मशीनवर फडके टाकून आलो. परत उठलो, फडके काढले. बोंग-निम विचारते, पोट दुखतंय का. नाही.)

कलम ५. आता तेच लिहितो.

सन १९९६ चा फेब्रुवारी. प्रती ग्रंथालयात पोचवण्याचा शेवटचा दिवस. मा हे-रयोंग नावाची मुलगी सात वर्षांचे काम घेऊन आली. जुन्या थडग्यांच्या दगडांवर शेवाळ किती आणि कोणते चढले आहे ते मोजायचे, मग त्या घराण्याच्या वंशावळीतली साले ताडून बघायची. अनेक वंशावळी खोट्या निघाल्या. शेवाळ खोटे बोलत नव्हते. वनस्पतीवाले म्हणाले, हा इतिहास. इतिहासवाले म्हणाले, ही वनस्पती. चार शिक्के मिळाले. पाचवा प्राध्यापक नामगुंग यांचा, ते इतिहासाचे. त्यांनी पाच महिने फिरवले आणि शेवटी मारला तो तिच्याकडे न बघता, पानाच्या अगदी उजव्या कडेला.

शिक्के कडेला असले की ते पान आत दुमडून घ्यायचे आणि मग पुस्तक पात्याखाली सरकवायचे, हे आमच्या धंद्यातले पहिले शिक्षण. त्या दिवशी बाकावर दोन मुले भांडत होती. बौद्ध मठातल्या मोठ्या घंटेचा आवाज हेलकावत का येतो? भौतिकवाला म्हणे, ओतकाम एका अंगाला जाड. लोककथावाला म्हणे, मग लोकांना तिच्यात रडणंच का ऐकू येतं, तेही मोज ना! भांडण इतके रंगले की माझे कान तिकडे गेले आणि हात इकडे चालू राहिले. पाते खाली आले. पान दुमडलेले नव्हते.

नामगुंगांच्या शिक्क्याचा तिसरा हिस्सा कापला गेला. चार मिलिमीटर.

विद्यापीठाच्या कचेरीने प्रत परत पाठवली. ती पुस्तक घेऊन आली. "काका, हे असं कसं झालं?"

मी म्हणालो, "पोरी, पान माझ्याकडं आलं तेच असं."

हे मी म्हणालो. शुद्धीत, दोन्ही कान धड असताना. एका वर्षापूर्वी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या वेळी असेच झाले होते, तेव्हा मी 'चूक बांधणाऱ्याची' असे लिहून दिले आणि कचेरीने ते चालवून घेतले. या खेपेला त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या वर्षभराच्या बांधणीचे काम कोणाला द्यायचे ते ठरणार होते. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन चुका दिसल्या असत्या.

ती नामगुंगांकडे गेली. ते म्हणाले, "मी एकदा मारला. दोनदा मारत नाही." त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी आहे ती राहू द्या, पण अर्धी अढी माझ्या स्वतःविषयी आहे आणि ती इतकी वर्षे मी त्यांच्या नावावर चढवत आलो.

बिन यांनी तिला दुकानातच सांगितले होते, "बाई, तासाभरात हुबेहूब कोरून देतो. देवालाही कळणार नाही." ती म्हणाली, "जे मला खरं मिळालंय ते मी खोटं कशाला करू?" आणि ती कापलेली प्रत बाकावरच ठेवून गेली. विद्यापीठातूनही गेली.

कापलेली पट्टी मी कचऱ्यात टाकली नाही. पात्याच्या पेटीत सत्तावीस वर्षे आहे. लाली अजून टवटवीत आहे.

कलम ६. मा हे-रयोंग आता उइसोंगकडे लोकांच्या पूर्वजांच्या थडग्यांची देखभाल करते, असे एका गिऱ्हाइकाकडून कानावर आले. "बाई चांगली आहे," तो म्हणाला, "पण दगड घासून देत नाही. शेवाळ काढू नका म्हणते, त्यात तारीख असते." माझ्या मृत्यूनंतर जू-हानने ती पट्टी, तिच्या प्रबंधाची माझ्याकडची प्रत आणि कलम ५ ची नक्कल तिच्याकडे पोचवावी.

हे लिहून वाळत ठेवले होते. बोंग-निमने ते वाचले. तिला वाचायला दिले नव्हते.

"जू-हानचे बाबा, हे मेल्यावर पाठवणार?"

"हो."

"म्हणजे तिनं काय करायचं? तुमच्या फोटोशी भांडायचं?"

मी म्हणालो, कायदेशीर कागद आहे, मध्ये बोलू नकोस. ती म्हणाली, उइसोंगची बस सव्वासातला आहे, डबा देते.

दिनांक ९ मे २०२३.

पुरवणी, दिनांक १६ मे २०२३. कलम ६ संपूर्ण खोडले. शिक्का मारला आहे. कारण: काम लिहिणाऱ्याने स्वतः केले.

उइसोंगला मा हे-रयोंग एका थडग्यावर नवी हिरवळ बसवत होती. केस पांढरे. मी नाव सांगितले, पट्टी दिली, जे कलम ५ मध्ये आहे ते उभ्यानेच सांगितले. तिने पट्टी उन्हात धरली.

"सत्तावीस वर्षं मला वाटत होतं, सरांनी मुद्दामच कडेबाहेर मारला."

"कडेला त्यांनी मारला. कापला मी."

"आणि तुम्ही चार ओळी लिहून दिल्या असत्या तर?"

"चाललं असतं."

"माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

ती बराच वेळ हिरवळ थापटत राहिली. आधीच नीट बसलेली होती ती. मग म्हणाली, "काका, माफी मागायला आलात की आणखी काही?"

मी म्हणालो, मृत्युपत्र आहे, पाचवा साक्षीदार हवा. ती हसली, पण त्यात मऊ काही नव्हते. "शिक्का मागताय? माझ्याकडून?"

"हो."

"ठेवून जा. वाचून सांगते. नामगुंग सरांनी पाच महिने घेतले होते. मीही पाच घेईन."

पाच महिने म्हणजे चुसोक होऊन जाईल. डॉक्टरांचे मी तिला काही सांगितले नाही. नक्कल ठेवली, प्रबंध ठेवला. पट्टी तिने त्यातल्या मान्यतेच्या पानाला लावून पाहिली. कडेशी कड तंतोतंत बसली. निघताना एवढेच म्हणालो की माझ्या दगडाला कोणी ब्रश लावणार नाही. ते तिने ऐकले की नाही कळले नाही. कधी नव्हे ते उजवा कानही मला पुरला नाही.

कलम ७ (नवे). मागच्या खोलीची किल्ली मा हे-रयोंग हिच्याकडे जावी, तिने शिक्का मारला तरी आणि नाही मारला तरी. कुठला प्रबंध कुठे जावा ते तिला विचारावे. नकार दिला तर किल्ली खिळ्याला राहू द्यावी.

हे माझे एकमेव आणि अखेरचे मृत्युपत्र. याआधी काही लिहिले नाही. लिहायला हवे होते ते १९९६ मध्ये चार ओळींचे.

स्थळ: देगू, दुकानाचे टेबल. प्यो गी-सोप (शिक्का)

साक्षीदार:
१. ओम बोंग-निम, पत्नी (शिक्का)
२. बिन सांग-दोक, शिक्के कोरणारे (शिक्का)
३. ग्वाक मल-सुन, मासळीवाल्या, माहितगार क्रमांक चार (शिक्का, हाताला मासळीचा वास, कागदालाही आला आहे)
४. प्यो जू-हान, मुलगा (शिक्का, बेडूक वाचायला घेतला, असे सांगतो)
५. मा हे-रयोंग

पाचव्या नावापुढे उजव्या कडेला तीन बोटे जागा कोरी सोडली आहे. हा कागद जो कोणी बांधेल त्याने पान आत दुमडून घ्यावे. या बाजूने कापू नये.