तोवर बाबा कंडक्टर

रविवार, संध्याकाळ

स्कूटरची चावी माझ्या टेबलावर आहे. लिहिताना दोनदा उचलून पाहिली.

बाबा आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. एका डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन नको म्हणतात आणि तरी स्कूटरवरून शेजारच्या कट्टा गावच्या बाजारात जातात. मागच्या रविवारी मी चावी मागितली. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाकडे! आणि मागितली तीही ओरडून. का ओरडले मी?

आज टीव्हीवर गाड्यांची शर्यत होती. ती बाबा चुकवत नाहीत, म्हणून मीही जाऊन बसले. तिकडे इतका पाऊस, की पुढची गाडी मागच्याला दिसेना. मग आयोजकांनी सगळ्यांच्या पुढे एक संथ गाडी धाडली, बाकीच्यांनी तिच्या मागून हळू यायचं.

"ह्यो आमचो कंडक्टर!" बाबा एकदम म्हणाले. "घाटात धुक्यात असोच बॅटरी घेवन माझ्या गाडीफुडे चलत होतो."

शेवटी शर्यतच थांबवली. रेनकोटातले प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. मीही म्हटलं, "एवढे मोठे ड्रायव्हर नि घाबरले?"

बाबा भडकले. "घाबरले खंय? दिसना नाय तर थांबाक होया गो! तेची लाज कसली?"

आणि आपलंच बोलणं ऐकल्यासारखे खिसा चाचपू लागले.

मग खिशातून चावी काढून माझ्या हातात ठेवली. "डॉक्टराक फोन कर. तोवर तू ड्रायव्हर, मी कंडक्टर. पण बेल मी मारतलंय!"

उद्या कट्ट्यापर्यंत मागून सूचना ऐकाव्या लागणार. ऐकेन. आठवडाभर केवढं शांत होतं हे घर.