साहेबांच्या आवाजाबाबत तातडीची तक्रार

थोरल्या साडूभाऊंना धाकट्याचा मनापासून नमस्कार. साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या. वि. वि. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही गुडघ्याला न लावता दुकानातल्या वायरी बांधायला वापरता असं कानावर आलं. (हे मला कळलं असं ताईंना कळू देऊ नका.) तुमची मेव्हणी मजेत आहे, तुमची आठवण काढते, आणि तुमचं उदाहरण देऊन मला बोलते.

पत्राचं कारण म्हणजे तुमच्याकडून आमच्या ऑफिसात आलेलं ते मीटिंगचं यंत्र. ते माझ्या शब्दावर आलं हे तुम्ही जाणताच. आमच्या वजनकाट्यांच्या शाखेत साहेबांनी वर्षभर एकच धोशा लावला होता, की मुख्य ऑफिसात म्हणे भिंतीएवढा पडदा, बोलणाऱ्याकडे आपोआप मान वळवणारा कॅमेरा आणि छतात लपवलेले माइक आहेत, आणि आपण मात्र एका लॅपटॉपपुढे ग्रुप फोटोला बसल्यासारखे दाटीवाटीने बसतो. मी म्हटलं, माझे साडू याच धंद्यात आहेत. (असं पुढे पुढे करून मी आयुष्यात बऱ्याचदा तोंडघशी पडलोय, पण जीभ ऐकत नाही.) मग काय, तुमची तोंडभरून स्तुती झाली आणि यंत्र आलं.

तुमचा तंत्रज्ञ माणूस सज्जन, पण भारी घाईचा. जोडणी झाल्यावर म्हणाला, हा माइक पंखा, एसी, रस्त्यावरची वाहनं असले आवाज गाळून टाकतो आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवतो. फक्त प्रत्येक खोलीची कटकट वेगळी असते, तेव्हा रोजचे आवाज जरा वेळ चालू ठेवा, यंत्र ते शिकून घेईल आणि मग त्यांना कायमचं दाराबाहेर ठेवील. एवढं सांगून तो चहाला गेला. मी इमानदारीत पंखा पूर्ण सोडला, खिडकी उघडली, प्रिंटर चालू केला. आणि नेमके तेव्हाच साहेब भाषणाचे कागद घेऊन मीटिंगच्या तालमीला आत आले. आता सांगा, त्यांना थांबवणार कोण? आमच्या ऑफिसात साहेब बोलायला लागले की पेन खाली ठेवायचं आणि भिंतीवरचा एक ठिपका धरून बसायचं अशी रीत आहे, थांबवायची नाही. ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा तुम्ही त्यांना ऐकलंय. वर नाही, खाली नाही, पूर्णविराम नाही, गिरणी चालावी तसं चालू. तंत्रज्ञ परत येईपर्यंत यंत्र पंख्याबरोबर साहेबांनाही ऐकत होतं. त्याने एक बटण दाबलं, झालं म्हणाला, आणि गेला.

बरं, मीटिंग साधीसुधी असती तर गोष्ट वेगळी. आमची शाखा दुसऱ्या शहरातल्या शाखेत मिसळून टाकायची की नाही, हे मुख्य ऑफिसातल्या मोठ्या बाई त्या दिवशी ठरवणार होत्या. मिसळली, की मी या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन परगावी खोली शोधत फिरणार, तुमच्या मेव्हणीची नोकरी इथे, पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष इथे. साडूभाऊ, तुमच्यापासून काय लपवायचं, मी घाबरलो होतो. घरी सांगायची हिंमत होत नव्हती.

मीटिंग सुरू झाली. पडद्यावर बाई, इकडे साहेब, आणि मी सवयीप्रमाणे खांबाजवळ कॅशियरबाईंच्या शेजारी. साहेबांचं सुरू झालं की आम्ही दोघं कुजबुजतो. (चांगली सवय नाही, कबूल. पण त्याशिवाय ते भाषण सोसत नाही.) मी म्हटलं, यांच्या या पुराणाने शाखेचं वाटोळं होणार, आणि आपल्याला तिकडे बसवणार कुठे, बादलीत? मी त्या शाखेत एका निरोप समारंभाला जाऊन आलोय. आहेत त्याच माणसांना खुर्च्या पुरत नाहीत, एकजण झेरॉक्सला उठला की दुसरा बसून घेतो. रेकॉर्डच्या खोलीत छप्पर गळतं, खाली बादली लावलीय, आणि ती भरत आली की कळावं म्हणून बादलीखाली आपल्याच कंपनीचा वजनकाटा. वर पाहुण्यांना ते काट्याचं प्रात्यक्षिक म्हणून दाखवतात.

हे सगळं मी कॅशियरबाईंच्या कानात सांगतोय, एवढ्यात कॅमेऱ्याने माझ्याकडे मान वळवली. मी डावीकडे सरकलो, तोही सरकला. मी खांबाआड झालो, तर तो वाट बघत थांबला. साहेब हातवारे करत बोलतच होते. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ते खांबामागचे गृहस्थ, बादली नक्की कोणत्या खोलीत म्हणालात? मग उलगडा झाला. तिकडे साहेबांचा एक शब्द पोचत नव्हता, नुसतं तोंड हलताना दिसत होतं, आणि माझी कुजबुज मात्र धुऊनपुसून थेट बाईंच्या कानात. त्या विचारत गेल्या, मी खांबामागूनच सांगत गेलो. शेवटी त्या म्हणाल्या, मिसळणं तूर्तास थांबवू, आधी छप्पर बघते. वर साहेबांचं कौतुक केलं, की हाताखालच्यांना इतकं मोकळं बोलू देणारे अधिकारी आता राहिले नाहीत.

तर साहेबांचा हुकूम असा, की यंत्र बिघडलेलं आहे, तुमच्या साडूंना कळवा आणि बुधवारपर्यंत माणूस बोलवा. त्याप्रमाणे कळवलं आहे. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. वरची दुरुस्तीची मागणी हुकमाची. आता माझं ऐका. माणूस पाठवू नका. पाठवावाच लागला तर पडद्याची काच पुसून परत यायला सांगा. ही सगळ्या ऑफिसची विनंती आहे, कॅशियरबाईंची विशेष.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. मला वाटलं, भरले आपले दिवस. तर त्यांनी हळूच विचारलं, पत्र टाकलंत का? नाही म्हटल्यावर म्हणाले, राहू द्या. गेली कित्येक वर्षं मीटिंगमध्ये त्यांनी एक वाक्य बोलावं आणि मोठ्या बाईंनी दोन सुनावावीत असं चाललं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच सुनावणं सोडून कौतुक झालं, आणि घरी जाऊन ते पोटभर जेवले. साडूभाऊ, मला त्या माणसाचं खरंच वाईट वाटलं. तेव्हा दुरुस्ती रद्द, साहेबांच्या संमतीने.

शेवटचं ता. क. खरं काम हे आहे. आत्ताच फोन आला. तूर्तास म्हणजे तूर्तासच होतं. अंतिम निर्णयासाठी बाई पुढच्या आठवड्यात स्वतः येताहेत, आमच्याच खोलीत, टेबलाच्या पलीकडे बसून सगळं ऐकणार आहेत. साहेबांनी नवीन भाषण लिहायला घेतलंय आणि ते आधीच्यापेक्षा लांब आहे. तुमच्या दुकानात सारखं काही ना काही नवीन येत असतं. समोरासमोर बसलेल्या माणसावर चालेल असं काही निघालंय का? असेल तर भाव विचारत नाही, उलट टपाली पाठवा.