मुठीतल्या चुण्या

३ मार्च, सोमवार

आजपासून मी कुणाच्या दुकानातली नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर लोकांच्या घरांचे पडदे शिवले आणि त्यातलं एकही घर डोळ्यांनी पाहिलं नाही. आज माझं मशीन, माझी कात्री, माझा टेप घेऊन लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेले, तेव्हा लिफ्टच्या आरशातली ऐट बघून मलाच हसू आलं.

फ्लॅट जुना, पण आतून सगळा नवा केलाय. फरशी, दारं, नळ, सगळं कोरं. पॉलिशच्या वासाने डोळे चुरचुरतात. नवराबायको दोघंही तिशीच्या आतली. सध्या त्याच्या भावाकडे एका खोलीत राहतात. तिला आठवा महिना लागलाय. बाळ यायच्या आत इथे राहायला यायचंय, म्हणजे माझ्या हातात महिनाभर. पडदे, उशा, गाद्यांची कव्हरं, पाळण्याची झालर, सगळं माझ्याकडे. नवरा सतत हातात यादी घेऊन फिरतो आणि झालेल्या कामावर काट मारतो, म्हणून त्याचं नाव मी यादीवाले ठेवलंय. ती मला लगेच मावशी म्हणायला लागली, मी तिला पोरगी. एक हात कमरेवर ठेवून हळूहळू चालते आणि प्रत्येक भिंतीला शाबासकी द्यावी तशी थोपटते.

रंगारी अजून आहे. कुठलीही भिंत विचारा, झाली का? उत्तर ठरलेलं, "अजून एक हात." त्याला मी त्याच नावाने हाक मारते. त्याला राग नाही.

मशीन बाळाच्या खोलीत मांडलंय, कारण उजेड तिथेच चांगला. या खोलीची खिडकी मूळ नकाशात नव्हतीच म्हणे. गिलावा काढताना गवंड्याला आत विटांनी बुजवलेली चौकट सापडली, ती यादीवाल्यांनी मोकळी करून घेतली. फुकटची खिडकी मिळाली म्हणून खूश आहेत. बाहेर नुसता इमारतीच्या मधला चौक आहे, समोर कोरी भिंत.

५ मार्च, बुधवार

खिडकीचे पडदे लावले. फिकट पिवळं सुती कापड, त्यावर बोटाएवढ्या पांढऱ्या होड्या. रॉडपासून फरशीपर्यंत चौऱ्याऐंशी इंच. मी अर्धा इंच वर ठेवले, म्हणजे केर मारताना मळत नाहीत. आतून अस्तर, वर चुण्या, खाली तीन इंचांची दुमड. पोरगी दारात उभी राहून बघतच राहिली. मग मशीनच्या स्टुलावर बसली, माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून अशी लाथ बसली की मी हात काढूनच घेतला. म्हणाले, हा होड्या बघून वल्हवायला लागला. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

६ मार्च, गुरुवार

डावा पडदा खाली चुरगळलेला. जमिनीपासून चार इंचांवर एवढासाच भाग, मुठीत धरून सोडल्यावर पडतात तशा चुण्या, आणि तिथे कापड ओलसर. मी थेट 'अजून एक हात'ला जाऊन सुनावलं. त्याने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत पांढरे. पडद्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता. मग मीच वरमले. इस्त्री फिरवली, गेलं.

८ मार्च, शनिवार

पुन्हा. आज मी टेप लावला. अकरा इंच. चुण्यांकडे नीट पाहिलं तर एका बाजूला चार बारीक, दुसऱ्या बाजूला एक जाडशी.

माझा एक मुलगा मी वाढवलाय, बहिणीच्या दोघी वाढवल्यात. बसलेलं मूल उभं राहायला काय धरतं आणि कसं धरतं, हे मला कुणी शिकवायला नको. मांजर असेल, असं स्वतःला सांगितलं. मांजराला अंगठा कुठून आला, हे विचारायचं टाळलं. खिडकीला कडी लावून निघाले.

१० मार्च, सोमवार

कडी जशीच्या तशी. एकोणीस इंच.

पोरगी डॉक्टरकडून परस्पर इकडे आली होती. चेहरा उतरलेला. बाळाचं वजन दोन आठवड्यांत वाढायला हवं तेवढं वाढलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. सासूला सांगू नका, ती लगेच मला भरवायला सुरुवात करेल, असं म्हणून हसायचा प्रयत्न केला. या खोलीत बसलं की जरा बरं वाटतं म्हणाली. तासभर बसली. मी पाळण्याची झालर शिवत होते, पण टाके तीनदा उसवले.

१२ मार्च, बुधवार

'अजून एक हात' काम सोडून गेला. बाकीच्या खोल्या पुऱ्या केल्या, ही अर्धी ठेवून. सामान बांधून झाल्यावर मला जिन्यात बोलावलं. शिडीवर चढून छताला रंग देत होता तेव्हा खालून कुणीतरी त्याची पँट धरली. त्याला वाटलं मी काही मागतेय. खाली पाहिलं तर कुणी नाही, मी स्वयंपाकघरात, आणि त्याच्या पोटरीवर ओला डाग. मग त्याने गवंड्याला विचारून आणलेली गोष्ट सांगितली. त्या खिडकीच्या विटा आतल्या बाजूने रचलेल्या होत्या. कुणीतरी खोलीत उभं राहून, वेळ घेऊन, व्यवस्थित बुजवली होती. वर गिलावा, त्यावर रंगाचे पाच हात.

"मावशी, पाच हात कुणी उगाच देत नाही," एवढं बोलला आणि उतरून गेला.

१३ मार्च, गुरुवार

यादीवाल्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्यासमोर पडद्याला टेप लावला. सत्तावीस इंच. नव्या भिंतीतून दमट हवा येते, कापड आखडतं, असं समजावलं. माणूस वाईट नाही. मला पाणीसुद्धा आणून दिलं. पण यादी ओट्यावर विसरले होते, त्यात खाली लिहिलेलं दिसलं: मावशींना दोन दिवस सुट्टी?

१५ मार्च, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

अकराच्या सुमाराला पोरगी आली. बाळ सकाळपासून फार हललं नाही म्हणाली. मी खोलीत येऊ देणार नव्हते, पण ती तोवर स्टुलावर बसली होती, खिडकीकडे पाठ करून. खिडकी बंद. पंखा बंद. तिच्या मागे पडदा पुढे आला. झुळकीने फुगतो तसा नाही. माणूस पडद्यामागे उभं राहिलं की कापड डोक्यावरून, खांद्यांवरून उतरतं तसा. उंची माझ्या कमरेच्या वर. सव्वीस वर्षं कापडाचा पडता घोळ बघितलाय मी. आत काय असलं की घोळ कसा पडतो, ते मला कळतं.

पोरगी म्हणत होती, "मावशी, इथे आलं की तो अगदी गप्प होतो. घरी थोडा तरी चुळबुळतो."

कापडातून एक हात तिच्या पाठीकडे आला. कापडासकट. पाचही बोटं दिसत होती.

मी तिला दंडाला धरून उठवलं. पॉलिशचा वास बाळाला वाईट, चल बाहेर, असं काहीतरी बरळले. पार जिन्यापर्यंत आणलं. तिथे तिने पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच पालटला. हलला, म्हणाली. दोनदा. तिसऱ्यांदा.

मग मला कळलं. ते वाढतंय, ते बाळाचं काढून घेऊनच वाढतंय. आणि खोली मी सजवतेय.

१६ मार्च, रविवार

सुट्टी असून गेले. दोन्ही पडदे उतरवले, पिशवीत कोंबले, पिशवी इमारतीबाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली. झालरही टाकली. उशासुद्धा. खोली उघडी करून टाकली. धरायला काही ठेवलंच नाही.

बसमध्ये बसल्यावर हायसं वाटलं. घरी येऊन शाल काढली.

शालीचं डावं टोक ओलं. चार बारीक चुण्या, एक जाड.

१७ मार्च, सोमवार

गेले नाही. सकाळी पोरगीचा फोन आला. आवाजात कितीतरी दिवसांनी जीव होता. बाळाने रात्रभर झोपू दिलं नाही, नुसता धुडगूस घातला, म्हणाली. तुम्ही बऱ्या आहात ना, असं विचारलं. बरी आहे म्हणाले.

बोलताना स्वेटरची बाही ताणली जात होती. मी खाली पाहिलं नाही.

इथे आहे तोवर तिथे नाही. एवढं मला पुरे.

१८ मार्च, मंगळवार

पोरगी दुपारी पुन्हा फोनवर. या वेळी कुजबुजत. काल ती त्या खोलीत एकटी जाऊन उभी राहिली होती. काहीच झालं नाही, बाळ हलत राहिलं. मग तिला आठवलं की आधी तिथे बाळ कसं गप्प व्हायचं.

"मावशी, खिडकी परत बंद करून घेते. मला कारण विचारू नका. मीही तुम्हाला काही विचारत नाही."

म्हटलं, आजच गवंडी बोलाव. आणि मला बोलावू नकोस, काम पुरं होईपर्यंत तर नाहीच.

२० मार्च, गुरुवार

खिडकी बुजवली. यादीवाले कुरकुरले, पण यादीवर काट मारली म्हणे. परवा राहायला जातात.

दोन दिवस घरातून हलले नाही. ते सोबत होतं. मी मशीनवर बसले की मागे, ओट्याशी उभी राहिले की बाजूला. धरून. मूल धरतं तसंच, सोडायचं नाही म्हणून. चुण्या आता कोपराच्या वर.

२२ मार्च, शनिवार

मुलाचा फोन. आई, तुझा आवाज असा का येतोय, विचारलं. सर्दी. यायला निघू का म्हणाला. नको म्हणाले. दोनदा नको म्हणाले, तेव्हा जरा रागावला.

कपडे सैल होताहेत. टेप लावला. कंबर दोन इंच कमी, आठवड्यात. बसून शिवणी आत घेतल्या. दुसरं करणार काय.

२४ मार्च

आणखी दीड इंच. जिना चढवत नाही. जेवण जात नाही.

चुण्या खांद्यावर. आणि बोटं आता लहान नाहीत. माझ्या वितीएवढी पकड.

२६ मार्च

मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, पण वजन चांगलं, आवाज खणखणीत. यादीवाले फोनवर रडत होते. मध्येच म्हणाले, मावशी, तुमचं नाव यादीत सगळ्यात वर आहे, आधी तुम्हाला कळवलं. मीही रडले. रडताना मागून ते खांदा दाबत होतं, समजूत काढल्यासारखं.

ते शिकतंय.

२७ मार्च

उंची माझ्याहून जास्त. आता कपडे धरत नाही. मान धरतं. हात जड, ओला. आरशावर चादर टाकलीय.

तरी बरं. पोर तिकडे आहे, हे इकडे. मी किती दिवस पुरेन ते—

असो.

२८ मार्च, सकाळ

पोरगीचा फोन. आज घरी सोडताहेत. वाटेत बाळाला घेऊन माझ्याकडे येणार. पहिली मावशीच्या मांडीवर देणार, असं तिने ठरवलंय म्हणे. मी नको म्हणाले. ताप आहे, लागण होईल, दार उघडणार नाही, सगळं म्हणाले. ती म्हणाली, दारातून तरी बघा. मी ओरडले. लागलं असेल तिला. पण तिने फोन आधीच ठेवला होता, की माझाच आवाज पोचत नाही आता, कळत नाही. पुन्हा लावला. उचलत नाहीत.

सव्वाअकरा. खाली गाडीचं दार वाजलं.

घरात कोणी नाही असं वाटायला हवं. मी हलणार नाही. श्वाससुद्धा हळू. पलंगावर बसून लिहीत राहते, म्हणजे पाय उठणार नाहीत.

जिन्यात पावलं. बाळ रडतंय. खरंच खणखणीत.

बेल.

दुसऱ्यांदा. ती हाक मारतेय, मावशी, मावशी. यादीवाले म्हणताहेत, झोपल्या असतील, नंतर येऊ. हो. नंतर या. जा, बाई, जा—

मान मोकळी झाली.

बारा दिवसांत पहिल्यांदा मला कुणी धरलेलं नाही. मागे काही नाही. बाजूला—

मी पलंगावरच आहे. मी जागची हललेली नाही. आणि दाराची कडी आतून