पाचवा बोल्ट

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच! रुपाली पहाटे सायकलवर बारडोलीला गेली आणि कोपर खरवडून परत आली. कामरेजजवळच्या पुलावरून उतरताना जोरात पेडल मारत सुटली होती. ट्रक खेटून गेला. हे हसत हसत सांगते! मी ताटावरून उठले. म्हटलं, विकून टाक ती सायकल. तर म्हणे, "भलती भ्यास तू, माय! सायकल नाही सोडणार. पण करते काहीतरी."

काय करणार?

बुधवार, १२ नोव्हेंबर

पार्सल आलं. पेडलपाशी चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक — चेनव्हील. खोक्यावरचं सगळं मी अक्षर अक्षर लावून वाचलं. दाते ४६. जुन्याचे ५२. म्हणजे लहान केलं!

बमरोलीच्या कापड कारखान्यात शेठ यांना असंच म्हणाला होता — "लूमची पुली लहान घाला, मास्तर, माल वाढेल." यांनी घातली. लूम पिसाटासारखा पळायला लागला. चौथ्या दिवशी आडवा धागा नेणारा धोटा उडाला, तो थेट यांच्या कानशिलात. हे गेले त्याला सात वर्षं झाली. चाक लहान केलं की काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

तिला विचारलं नाही. विचारलं की भांडण.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी रुपालीनं सायकल उलटी केली, जुनं चाक काढलं. पाच बोल्ट वाटीत ठेवले. चेनच्या दोन-तीन कड्या काढल्या. हात धुवायला मोरीत गेली, तेवढ्यात मी एक बोल्ट उचलला. पदराच्या टोकाला गाठ मारली. बोल्ट नाही तर चाक नाही, चाक नाही तर उद्याचं जाणं नाही!

पलंगाखाली शोधलं तिनं, केरात शोधलं. "तू पाहिला का?" मी नाही म्हटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी सात

सायकल नाही! चहाच्या डब्याखाली चिठ्ठी —

"माय, एक बोल्ट सापडला नाही. चारावर भागवते, कामरेजपर्यंतच जाते. आता निवांत राहा. लहान चेनव्हील घातलंय, कितीही पेडल मारले तरी पहिल्यासारखी पळत नाही. तुझ्यासाठीच केलं."

पळत नाही?

तीनदा वाचली चिठ्ठी. लूमची पुली मोटर ओढते. हे चाक स्वतःच मागच्या चाकाला ओढतं. सगळं उलटं! हे असते तर एका वाक्यात सांगितलं असतं मला.

चार बोल्ट. पाचवा माझ्या पदरात.

आठ

फोन उचलत नाही.

नऊ

नाही उचलत. गाठ सुटतही नाही.

सव्वादहा

आली. चालत, सायकल हातात धरून. वाटेत आणखी एक बोल्ट गळाला म्हणून उतरली. मी दातांनी गाठ सोडली, बोल्ट पुढे धरला. तिनं बोल्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ओरडेल, वाटलं. तिनं यांची हत्यारांची पेटी उघडली आणि पाना माझ्या हातात दिला.

"तूच आवळ."