सहा सेकंदांचा आजार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे विचारू नकोस, ते शिडीवरच ठेवून आलोय.)

पत्रास कारण की, या शहरातल्या चार दुकानांत साधा गोल फुगा मिळत नाही, याचा मी लेखी निषेध नोंदवतो आहे. मिळतात ते सगळे कानवाले ससे. दोनशे वर्षांच्या चर्चमध्ये पन्नाशीच्या माणसाने सशाला टाचणी लावायची आणि आवाज किती वेळ घुमतो ते यंत्रावर टिपायचं, याला आमच्यात शास्त्र म्हणतात.

चर्च आपलंच, लहानपणीचं. डागडुजी निघाली होती. आधी आवाज मोजून ठेवा, म्हणजे नंतर तो जसाच्या तसा जपता येईल, हे मीच विश्वस्तांच्या गळी उतरवलं होतं. तीन ससे फोडले. शेवटच्याचा आवाज वेदीमागून फिरून, छताला टेकून, सावकाश विझला. सहा सेकंद! माझे डोळे भरून आले (धूळ फार होती). अहवालाच्या पहिल्याच ओळीत ऐटीत लिहिलं, घुमण्याचा काळ सहा सेकंद. तो का जपायचा हे पुढच्या चाळीस पानांत होतं, पण पुढची पानं वाचतो कोण? खजिनदारांनी ती ओळ तापाच्या आकड्यासारखी वाचली. "सहा? अहो, एवढं वाढेपर्यंत आम्हाला पत्ताच नाही!" आणि उपचार सुरू.

परवा गेलो, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, बाकांवर गाद्या, दगडी कमानींखाली भोकाभोकांचं नवं छत. टाळी वाजवून पाहिली, तर ती हातातच मेली. खजिनदार म्हणाले, "एकावर आणलं बघा, तुमच्यामुळे!" आभाराच्या पाटीवर माझं नाव सगळ्यात वर आहे.

बाकी ठीक. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. सशांचे आवाज माझ्याकडे आहेत. फुगा फुटल्यावर मागे उरलेलं ते घुमणं संगणकावर कुठल्याही गाण्याला जोडता येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारा त्या जुन्या चर्चमध्येच उभा आहे. फक्त गाणं न घुमणाऱ्या जागी गायलेलं हवं. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं.

आणखी एक ता. क. तू अकरा वर्षांची असताना तिथे एकटी गायला उभी राहिलीस आणि दुसऱ्या ओळीला मागच्या बाकावर कुणीतरी फुगा फोडला. अख्खं चर्च हसलं. तू खाली उतरलीस ती पुन्हा कधी गायली नाहीस. फुगा शेजारच्यांच्या पोराने फोडला, असं मी आजवर सांगत आलो. मी फोडला होता. ते गाणं पूर्ण गाऊन पाठव. या वेळी फुगा आधीच फोडून ठेवलाय.